कॅसेटमध्ये कोण काय बोललं

स्टेनोबाई कोर्टातून निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी साक्षीदारांचं बोलणं टिपलं. साक्षीदार रडला तर कंसात ‘रडतो’, खोकला तर ‘खोकतो’, आणि शिवी दिली तर शिवी, जशीच्या तशी. एकदा न्यायाधीशांनी मागचं वाक्य वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हा एका म्हाताऱ्याने आपल्या जावयाला घातलेल्या पाच शिव्या त्यांनी किराण्याची यादी वाचावी तशा सपाट आवाजात वाचल्या होत्या. सगळं कोर्ट हसलं. त्या हसल्या नाहीत. शुद्धलेखन सुधारायचं, बोलणं सुधारायचं नाही, हा त्यांचा धर्म.

आता त्या नवऱ्याच्या दुकानात बसत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नवऱ्याने आयुष्यभर व्हिडिओ प्लेयर आणि टीव्ही दुरुस्त केले होते, आणि दुरुस्त करायला टीव्हीच येईनासे झाले तेव्हा त्याने जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम सुरू केलं. लोकांच्या माळ्यावरून, पलंगाखालून, बंद कपाटांतून कॅसेट निघत. कुणाला डिस्कवर हव्या असत, कुणाला पेन ड्राइव्हवर. यंत्रं नवऱ्याच्या ताब्यात. बुरशी आलेली फीत पुसायची, तुटलेली जोडायची, हेड साफ करायचं, हे सगळं तो करी. बसायचं काम स्टेनोबाईंचं. कारण या धंद्यात घाई चालत नाही. दोन तासांची कॅसेट उतरवायला दोनच तास लागतात, तिला कितीही डोळे वटारून पाहिलं तरी. तेवढा वेळ कोणीतरी समोर बसून चित्र हलतंय का, आवाज येतोय का, यावर लक्ष ठेवावं लागतं. स्टेनोबाई कानाला हेडफोन लावून बसत, हातात विणकाम असे, आणि परक्यांच्या सहली, बारशी, भांडणं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात. त्या कुठेही काही बोलत नसत. कोर्टाची सवय.

एका शनिवारी सकाळी एक बाई आल्या. साठीच्या, सडपातळ, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. त्यांनी एक पिशवी टेबलावर ठेवली, तिच्यातून अकरा कॅसेट काढून ओळीने मांडल्या, आणि मग एक वही उघडून समोर धरली. आधीच लिहून आणलं होतं: ‘मला ऐकू येत नाही. समोर बघून सावकाश बोललात तर ओठांवरून कळतं. नाहीतर लिहा.’

नवरा पुढे झाला आणि सावकाश बोलू लागला. इतका सावकाश की एखादा पाठ म्हणावा. बाईंनी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं: ‘माफ करा. मिशा मध्ये येतात.’

नवऱ्याच्या मिशा म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो गोरामोरा होऊन आत गेला, आणि बोलणं स्टेनोबाईंवर आलं.

बाई टेलर होत्या. घरीच शिवत. त्यांचे यजमानही ऐकू न येणारे होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी एकच, तिला ऐकू येतं, ती दुसऱ्या शहरात नोकरीला. कॅसेट त्यांच्या थोरल्या दिरांनी काढलेल्या होत्या. मुलगी लहान असताना दिरांनी कॅमेरा घेतला होता, आणि सुट्टीच्या दिवशी ते कॅमेरा खांद्यावर घेऊनच भावाकडे येत. आता घर बदलताना त्यांनी सगळी पेटी टेलरबाईंकडे पाठवून दिली होती.

स्टेनोबाईंनी विचारलं, “डिस्क करायच्या ना? मग आवाजाचं काय करू? जुन्या फितींमध्ये खरखर फार असते. ती साफ करण्यात वेळ जातो. तुम्हाला नको असेल तर...”

हे बोलता बोलताच त्यांनी जीभ चावली. पण टेलरबाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या लिहू लागल्या, आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

‘आवाजच हवा आहे. चित्र मी पाहिलेलं आहे, मी तिथेच होते. ऐकलेलं नाही. कोण काय बोललं ते मला कागदावर लिहून द्याल का? मुलीला सांगितलं असतं, पण ती गाळते. पाच वर्षांची होती तेव्हापासून तीच मला सगळ्यांचं बोलणं खुणांनी सांगायची. डॉक्टरांचं, शेजारणीचं, शाळेतल्या बाईंचं. बाई म्हणाल्या, तुमची मुलगी वर्गात फार बडबड करते. मुलीने मला सांगितलं, बाई म्हणतात मी वर्गात फार हुशार आहे. मी बाईंना पेढे द्यायला निघाले होते. मुलगी चांगली आहे. पण वाईट ते आईपर्यंत पोचू देत नाही. मला सगळं हवंय.’

स्टेनोबाईंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच उजळला. चार वर्षांत त्यांच्या जुन्या कसबाची कोणाला गरज पडली नव्हती.

“मी कोर्टात स्टेनो होते,” त्या सावकाश म्हणाल्या. “ऐकलं ते लिहिते. गाळत नाही.”

टेलरबाईंनी मान डोलावली आणि मोजपट्टी गळ्यातून काढून पिशवीत ठेवली.

सोमवारी काम सुरू झालं. स्टेनोबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं, कागदाला डावीकडे समास आखला आणि समासात मिनिटं लिहायची ठरवली, म्हणजे टेलरबाईंना घरी डिस्क लावून कागदाशी ताडून पाहता येईल. पहिल्या कॅसेटमध्ये फार काही बोलणं नव्हतं. एक लहान खोली, खिडकीशी शिलाई मशीन, जमिनीवर चिंध्यांच्या टोपलीत बसलेली साताठ महिन्यांची मुलगी. कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा येत होता, कारण माइक त्याच्याच तोंडाशी. ‘इकडे बघ, इकडे. अगं इकडे. बटण कुठलं दाबलं मी?’ स्टेनोबाईंनी तेही लिहिलं.

पण अर्ध्या तासाने त्यांच्या लक्षात आलं की या घरात बोलणं कमी असलं तरी आवाज खूप आहेत. ते कागदावर यायला हवेत की नकोत? कोर्टात खुर्ची सरकल्याचं कोणी लिहीत नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“तिने काय मागितलंय? सगळं. मग सगळं लिही की,” तो म्हणाला. “पण मिशांबद्दल काही लिहू नकोस.”

मग त्या लिहू लागल्या. मिनिट नऊ: मशीनचा आवाज, थांबतो, पुन्हा सुरू. मिनिट अकरा: बाहेर कुत्रं भुंकतं, मुलगी त्या बाजूला बघते. मिनिट बारा: आतल्या खोलीत भांडं पडलं, जोरात, घरातल्या दोघांपैकी कोणी वळत नाही, मुलगी दचकते आणि आईकडे बघते. आणि मिनिट चौदाला त्यांनी फीत थांबवून मागे नेली, पुन्हा ऐकली. टेलरबाई, तेव्हाच्या तिशीतल्या, मशीनवरून उठून मुलीकडे येत होत्या आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघत होता. शब्द नव्हता तो. जाडसर, दोन तुकड्यांचा, दुसरा तुकडा वर चढणारा. पुढच्या मिनिटाला पुन्हा तोच आवाज. आणि दर वेळी टोपलीतली मुलगी हातातलं सगळं टाकून त्या दिशेला मान वळवत होती.

स्टेनोबाईंनी लिहिलं: ‘आई आवाज करून मुलीला बोलावते. तोच आवाज प्रत्येक वेळी, दोन भागांत. मुलगी प्रत्येक वेळी वळून बघते आणि हसते.’

पुढच्या शनिवारी टेलरबाई पहिल्या तीन कॅसेटची डिस्क आणि कागद न्यायला आल्या. कागद त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वाचायला घेतले. भांड्याशी आल्यावर हसल्या. चौदाव्या मिनिटाशी थांबल्या. एकदा वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग वही काढली.

‘मी असा आवाज करत होते?’

“हो. पुष्कळदा.”

‘शाळेत आम्हाला आवाज करू नका म्हणायचे. लोक हसतात म्हणून. बाहेर मी तोंड मिटून असते. घरात करत असेन, कळत नाही.’ मग त्यांनी खाली आणखी लिहिलं. ‘खरंच वळायची?’

“प्रत्येक वेळी,” स्टेनोबाई म्हणाल्या. “मी मोजलं. सतरापैकी सतरा.”

टेलरबाईंनी तो एक कागद बाकीच्यांतून वेगळा काढला, घडी न घालता वहीच्या पानांत ठेवला, आणि नमस्कार करून निघून गेल्या. नवरा दारात उभा होता. त्याने त्यांना जाताना पाहिलं आणि त्याच दुपारी न्हाव्याकडे जाऊन मिशा निम्म्या करून आला. 

चौथी, पाचवी, सहावी कॅसेट सुरळीत गेली. घर ओळखीचं झालं. छापखान्यातले यजमान बोटांनी मुलीला गोष्ट सांगायचे आणि गोष्टीत वाघ आला की तोंडाने वाफेच्या इंजिनासारखा आवाज काढायचे. दीर कॅमेऱ्यामागून सतत स्वतःशी पुटपुटायचे. ते स्वतः साऱ्या फितींमध्ये एकदाच दिसले, कपाटाच्या आरशात, एका डोळ्याला कॅमेरा लावलेले. दिरांबरोबर जाऊबाई अधूनमधून यायच्या. उंच, नीटनेटक्या, उभ्या राहिल्या की दाराच्या चौकटीत फोटो काढायला उभं राहिल्यासारख्या.

सातवी कॅसेट लावली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तीच खोली. टेलरबाई मशीनवर छोटासा फ्रॉक शिवत होत्या, मुलगी टोपलीला धरून उभी राहायच्या खटपटीत. तेविसाव्या मिनिटाला जाऊबाई दारात आल्या, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. आवाज खाली आणायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. कशाला घेतील?

स्टेनोबाईंचा हात सवयीने चालत राहिला. सहा ओळी झाल्या आणि हात थांबला. त्यांनी फीत बंद केली, हेडफोन काढला आणि लिहिलेलं वाचलं. 

चौतीस वर्षांत त्यांनी याहून कितीतरी वाईट बोलणं टिपलं होतं. पण ते ज्याच्याबद्दल असायचं तो समोर पिंजऱ्यात उभा असायचा, त्याचा वकील असायचा, त्याला उत्तर देता यायचं. इथे एक बाई डोकं खाली घालून पोरीचा फ्रॉक शिवत होती, आणि तिच्या डोक्यावरून तिच्याच पोरीबद्दल बोलणं चाललं होतं. बोलणाऱ्या जाऊबाई अजून जिवंत होत्या, जाणं-येणं होतं. सुखाने डिस्क बघायला बसलेल्या बाईच्या हातात हा निखारा कशाला द्यायचा?

नवऱ्याला त्यांनी सांगितलं नाही.  मग तो कागद बाजूला ठेवून त्यांनी दुसरा घेतला आणि सातवी कॅसेट पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढली. मिनिट बावीसनंतर एकदम मिनिट पंचवीस: मुलगी टोपली सोडून उभी राहते, कॅमेऱ्यामागून टाळ्या. पहिला कागद त्यांनी खणात तळाशी सरकवला. खण बंद करताना कोर्टातून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटलं त्यांना.

शनिवारी टेलरबाई आल्या, डिस्क आणि कागद घेऊन गेल्या. सोमवारी, दुकान उघडत नाही तोच, परत आल्या. या वेळी त्या उभ्या राहिल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि सातव्या कॅसेटचा कागद टेबलावर पसरून समासातल्या बावीस आणि पंचवीस या आकड्यांच्या मधोमध बोट ठेवलं. मग वही.

‘तेविसाव्या मिनिटाला माझी जाऊ बोलते. तुमच्या कागदावर ती गप्प आहे.’

स्टेनोबाईंनी पेन खाली ठेवलं.  “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...” एवढं म्हणून त्या थांबल्या.

‘तुम्हीही गाळलंत,’ टेलरबाईंनी लिहिलं. रागाने नाही, शिवण कुठे उसवली हे गिऱ्हाइकाला दाखवावं तसं. आणि पुढे एका दमात लिहीत गेल्या. ‘वाईट वाटून तीस वर्षं झाली. त्या दिवशी मी मान वर केली होती. बघा, दिसेल. जाऊ माझ्या समोरच उभी होती. ती म्हणाली, ही दोघं पोरीला कशी वाढवणार, रात्री रडली तर कळणार कुणाला, बोलायला कोण शिकवणार. आपल्याकडे आणू. आपण मागू तिला. मी सगळं वाचलं आणि मान खाली घातली. यजमानांना कधी सांगितलं नाही, भावाभावांत फूट पडली असती. पण त्या दिवसानंतर मुलीला एक रात्र त्यांच्या घरी ठेवली नाही. मुलगी विचारायची, काकांकडे राहायला का जायचं नाही? मी सांगायचे, तिथे डास फार.’

स्टेनोबाई वाचत होत्या, आणि टेलरबाईंनी पान उलटून मोठ्या अक्षरांत लिहिलं:

‘जाऊचं मला माहीत आहे. मला दिरांचं हवंय. ते कॅमेऱ्यामागे होते, त्यांचे ओठ दिसले नाहीत. जाऊने विचारलं आणि त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं, ते तीस वर्षं मला माहीत नाही.’

स्टेनोबाईंना आता कुठे उमगलं की त्यांनी काय गाळलं होतं. निखारा म्हणून जे बाजूला काढून ठेवलं, त्याच्याच पोटात उत्तरही होतं, आणि त्या एका उत्तरासाठीच ही बाई अकरा कॅसेट घेऊन आली होती. त्या उठल्या, खण उघडला, तळाचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. ठेवताना म्हणाल्या, “चूक झाली माझी.”

कागदावर असं होतं:

मिनिट तेवीस. जाऊबाई, दारात: ‘मी म्हणते, ही दोघं पोरीला कशी वाढवणार हो? रात्री रडली तर कळणार कुणाला? आणि बोलायला कोण शिकवणार तिला? आपल्याकडे आणू. शाळेत जायची होईपर्यंत आपण बघू तिला.’

कॅमेऱ्यामागून: ‘आणि रात्री उठणार कोण? तू? आपला रडायचा तेव्हा तू उशी डोक्यावर घ्यायचीस. मीच फेऱ्या मारायचो. मला नाही जमायचं आता परत ते. माझी झोप झाली नाही की माझं डोकं चालत नाही.’

जाऊबाई: ‘अहो, पण पोरीचा विचार करा.’

कॅमेऱ्यामागून: ‘केला. परवा मी राहिलो होतो ना इथे, तेव्हा पाहिलंय. पोरीच्या पायात सैल नाडी बांधून ही दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधते. पोर हलली की ही उठून बसलेली. पोर रडायच्या आत. ही उठते.’

जाऊबाई: (बोलत नाहीत.)

कॅमेऱ्यामागून: ‘सोड तो विषय. आणि दारातून बाजूला हो, उजेड अडतोय.’

टेलरबाईंनी ते वाचलं. चेहऱ्यावरून ताकास तूर लागू देत नव्हत्या. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या, परत वर आल्या, आणि एकाएकी हसू लागल्या. तोंड मिटून नव्हे. चांगलं मोठ्याने, छातीतून, त्या जाडसर आवाजात. आतून नवरा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊनच बाहेर आला.

“काय झालं?”

टेलरबाईंनी डोळे पुसत त्याच्यासाठी लिहिलं, ‘दिरांना झोप प्यारी, म्हणून माझी मुलगी माझ्याकडे राहिली.’

नवऱ्याने ते वाचलं. त्याला आगापिछा काही माहीत नव्हता, पण तो गंभीरपणे म्हणाला, “झोप हवीच माणसाला.” मिशा निम्म्या झाल्यामुळे हे वाक्य टेलरबाईंना सरळ वाचता आलं आणि त्या पुन्हा हसल्या.

मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. ‘बघू? मागू नाही?’

स्टेनोबाईंनी कॅसेट लावली, हेडफोन चढवला आणि तो तुकडा तीनदा ऐकला. “बघू,” त्या म्हणाल्या. “नक्की. आणि त्याआधी, शाळेत जायची होईपर्यंत.”

‘तेव्हा तिने मान वळवली होती. आणि म आणि ब ओठांवर सारखेच दिसतात.’ एवढं लिहून टेलरबाईंनी कागदावरच्या ‘बघू’ या शब्दाखाली रेघ ओढली. ‘मला वाटलं, कायमची मागतायत. एक शब्द तीस वर्षं चुकीचा वाचला.’

“म्हणून काही ते बोलणं चांगलं होत नाही,” स्टेनोबाई म्हणाल्या.

टेलरबाईंनी मानेनेच ‘नाही होत’ म्हटलं. मग एक प्रश्न लिहिला, जो चौतीस वर्षांत स्टेनोबाईंना कोणी विचारला नव्हता. ‘दीर कसे म्हणाले? चिडून?’

कोर्टात सूर लिहीत नाहीत. स्टेनोबाईंनी पुन्हा एकदा फीत मागे नेली, डोळे मिटून ऐकली, आणि या वेळी बोलून न दाखवता वही ओढून घेतली. ‘झोपेचं बोलताना कंटाळून. उजेडाचं बोलताना वैतागून. “ही उठते” एवढं हळू म्हणाले. तिथे आवाज खाली आणला होता.’

टेलरबाईंनी ते पान फाडून मागितलं.

त्यानंतर दोन शनिवार त्या आल्या नाहीत. स्टेनोबाई सारख्या दाराकडे बघत. आपण गाळलेलं परत देऊन कुणाचं घर तर मोडलं नाही ना? नवरा म्हणायचा, ती शिवणकामात असेल, लग्नसराई आहे. तिसऱ्या शनिवारी त्या आल्या त्या घाईतच, ब्लाउजच्या दोन्ही बाह्यांवर टाचण्या टोचलेल्या, आणि वहीत पाच-सहा पानं भरून आणलेली. घडलं ते त्यांनी घरूनच लिहून आणलं होतं.

त्या दिरांकडे गेल्या होत्या. दीर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, नव्या घरात, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले. टेलरबाईंनी त्यांना कागद दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, ‘हे मी बोललो? मला काही आठवत नाही. पण बरं बोललो.’ मग विचारलं, ‘त्या दिवशीचं चित्र कसं आलंय? उजेड पुरला का?’ त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं.

जाऊबाईंनी कागद हातात घेतला आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहा घेऊन आल्या तेव्हा एक कप जास्त होता, मोजण्यात चूक झालेली. त्या समोर बसल्या, पेन्सिल मागून घेतली. इतक्या वर्षांत जाऊबाईंनी वहीत स्वतःच्या हाताने कधी काही लिहिलं नव्हतं. नेहमी भरभर बोलायच्या, आणि समजलं नाही तर ‘काही नाही, काही नाही’ म्हणून हात हलवायच्या.

त्यांनी लिहिलं, ‘तुला तेव्हाच कळलं होतं?’

टेलरबाईंनी लिहिलं, ‘तेव्हाच.’

‘आणि मग तीस वर्षं माझे कपडे कसे शिवलेस?’

‘मापाने.’

इथे येऊन स्टेनोबाई थांबल्या आणि त्यांनी वहीवरून मान वर करून टेलरबाईंकडे पाहिलं. टेलरबाई खांदे उडवून हसल्या. आणखी काय लिहिणार होते मी, असा त्यांचा चेहरा.

पुढचं थोडक्यात होतं. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हे. निघताना मात्र दारापर्यंत आल्या आणि विचारलं, मुलगी सुट्टीला येईल तेव्हा दोन दिवस इकडे राहायला पाठवशील का. टेलरबाईंनी सांगितलं, ती आता एकतीस वर्षांची आहे, तिचं तिलाच विचारा. आणि हो, जाऊबाईंनाही एक डिस्क हवी होती. सातवी धरून. न गाळता.

“तुमच्या मुलीला दाखवलंत?” स्टेनोबाईंनी विचारलं.

‘दाखवलं. ती म्हणते, आई, तेविसावं मिनिट मीही गाळलं असतं.’

नवऱ्याने जाऊबाईंसाठी वेगळी डिस्क करायला घेतली. टेलरबाई घाईत होत्या, निघाल्या. चार कॅसेट अजून बाकी होत्या. स्टेनोबाईंनी आठवी लावली, नवा कागद घेऊन समास आखला. याही वेळी तीच खोली, पण मुलगी आता तुरुतुरु चालत होती, अंगात सातव्या कॅसेटमध्ये शिवत असलेला फ्रॉक. चौथ्या मिनिटाला जाऊबाई आल्या, मुलीला जवळ घेतलं, तिला सगळीकडून फिरवून पाहिलं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘फ्रॉक छान झालाय, पण गळा बाई फारच मोठा कापलाय. पोरगी त्यातून बाहेर पडेल.’

स्टेनोबाईंनी क्षणभर पेन उचलून धरलं. मग समासात चार आकडा घातला आणि वाक्य जसंच्या तसं लिहून टाकलं.

पुढच्या शनिवारी टेलरबाईंनी ती ओळ वाचली, पेन्सिल घेतली आणि तिच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं: ‘बरोबर आहे. गळा मोठाच झाला होता.’